मापात पाप

मागच्या मे महिन्यातल्या एका लग्नाचं एडिटिंग माझ्याकडं होतं. पाठवणीच्या वेळी नवरीची मैत्रीण तिच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली आणि नवरीला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी होतंच, नाक रडून लाल झालेलं, आणि मधेच हे हसू. दोन सेकंद, फार तर अडीच. दोन दिवसांच्या फुटेजमधला तोच तुकडा मला सगळ्यात जिवंत वाटला, म्हणून ठेवला. पहिली कॉपी घरी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी नवरीच्या काकांचा फोन. "मॅडम, ते हसू तेवढं काढा. पाव्हणे बघणार. म्हणतील, पोरीला जायची लईच घाई झाली होती."

काढलं. गिऱ्हाईक आहे, आपण काय बोलणार. पण त्याच व्हिडिओत वरातीत नवरदेव मित्राच्या खांद्यावर बसलाय, फेटा कानावर आलाय आणि दातानं बाटलीचं टोपण उघडतोय. हे ठेवायचं का, असं मीच विचारलं. काका म्हणाले, "असू दे की. जावई हौशी हाईत."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गाळ्यात बसून मी हेच काम करते. रात्री घरी येते तेव्हा आई, आत्या आणि धाकटा भाऊ मोबाईल टीव्हीला जोडून कुठलातरी डेटिंग शो बघत बसलेले असतात. मी ताट घेऊन त्यांच्यातच बसते. बघता बघता लक्षात आलं की काकांचा फोन आणि आमच्या घरची कॉमेंट्री एकाच जातीची आहे. फरक इतकाच, की टीव्हीवाल्याला फोन करावा लागत नाही. आम्हाला काय बघायला आवडेल हे तिथला एडिटर आधीच ओळखून बसलेला असतो.

ज्यांनी हा प्रकार बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समुद्राकाठचा बंगला, त्यात पंधरा-वीस तरुण पोरं-पोरी, फोन काढून घेतलेले, सगळीकडं कॅमेरे. जोड्या जमवायच्या. ज्याची जोडी नाही तो बाहेर. जोड्या स्थिर झाल्या की नवीन माणसं आत सोडायची, म्हणजे पुन्हा फूट. आपल्याकडं एमटीव्हीचा 'स्प्लिट्सव्हिला' २००८ पासून चालू आहे. ब्रिटनचा 'लव्ह आयलंड' आताच्या रूपात २०१५ पासून आहे. अमेरिकेत 'द बॅचलर' २००२ ला आला, एक पुरुष आणि निवडीसाठी रांगेत बायका. पुढच्याच वर्षी त्याची उलट आवृत्ती आली, 'द बॅचलरेट'. आपल्याकडं २००९ साली राखी सावंतचं स्वयंवर झालं ते याच जातीचं. आणि खरं सांगायचं तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम तरी वेगळा काय असतो? कॅमेरे नसतात, चुलत्या-मावश्या असतात.

माझे आजोबा मार्केट यार्डात तोलार होते. गुळाच्या रव्यांचं, म्हणजे ढेपांचं, वजन करण्यात त्यांचा जन्म गेला. ते सांगायचे, लबाड व्यापाऱ्याकडं वजनांचे दोन संच असतात. घेताना एक, देताना दुसरा. दिसायला दोन्ही सारखेच, वर आकडाही तोच कोरलेला. म्हणून तर आपल्याकडं 'मापात पाप' हा शब्द आला. स्त्री आणि पुरुष एकच गोष्ट करतात आणि आपण दोघांना वेगवेगळ्या वजनानं तोलतो, यालाच इंग्रजी अभ्यासक दुहेरी मापदंड वगैरे म्हणतात. पण एक फरक आहे. व्यापाऱ्याला आपलं पाप ठाऊक असतं. आपल्याला आपलं ठाऊकच नसतं. आपण तराजू अगदी सरळ धरलाय असंच आपल्याला वाटत असतं, आणि सगळी गोम तिथं आहे.

पाप नुसतं मनात राहत नाही, त्याची किंमत कुणीतरी मोजतं. २०१६ च्या लव्ह आयलंडमध्ये झारा हॉलंड नावाची मुलगी होती. ती त्या वेळची मिस ग्रेट ब्रिटन. बंगल्यात तिनं ॲलेक्स बोवेन या स्पर्धकाबरोबर एक रात्र घालवली. ती अजून बंगल्यातच होती, तोवर आयोजकांनी तिचा मुकुट काढून घेतला. किताबाच्या जबाबदारीला साजेसं ती वागली नाही, असं कारण दिलं. त्या रात्री खोलीत ती एकटी नव्हती, हे सांगायला नकोच. ॲलेक्स त्या सीझनमध्ये शेवटपर्यंत टिकला आणि त्याची दुसरी जोडीदार आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आले. त्याच्याकडून काढून घेण्यासारखा मुकुट नव्हता हे खरं. पण त्याच्या डोक्यावर असता तर गेला असता का, हा प्रश्न मी आमच्या घरात विचारून बघितला. भाऊ म्हणाला, "मिस्टर ग्रेट ब्रिटनला कोण विचारतंय?" उत्तर त्यातच आलं.

त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत असंच झालं होतं. द बॅचलरेटमध्ये केटलिन ब्रिस्टो निवड करणारी होती आणि समोर पुरुषांची रांग. त्यातल्या निक व्हायलबरोबर ती कार्यक्रमाच्या ठरलेल्या टप्प्याआधीच जवळ आली. त्यानंतर तिला इतके घाणेरडे मेसेज आले, की सूत्रसंचालकानं त्यातले काही एका भागात तिच्या तोंडावर, प्रेक्षकांसमोर वाचून दाखवले. आणि निक? २०१७ मध्ये तोच 'द बॅचलर' झाला, म्हणजे आता निवड करणारा तो. त्याच वर्षी तो नाचाच्या एका मोठ्या कार्यक्रमातही दिसला. त्याच कार्यक्रमात जायला आपल्याला आधी नकार मिळाला होता, असं केटलिननं तेव्हा उघड सांगितलं. तिला तिथं जायला २०२० उजाडलं. गेली आणि जिंकली, ही गोष्ट वेगळी.

परदेशी उदाहरणं झाली की आत्या म्हणते, "त्यांचं काय सांगतीस, तिकडं सगळंच उघडं." म्हणून आपलं घेऊ. राखीनं २००९ मध्ये सोळा जणांतून एकाला निवडलं, साखरपुडा केला, लग्न काही झालं नाही. आत्या आजही तिला 'नाटकी' म्हणते. पुढच्या वर्षी त्याच वाहिनीवर घटस्फोटित राहुल महाजनचं स्वयंवर झालं आणि लग्न टीव्हीवरच लागलं. तेव्हा आमच्या घरात कुणीही राहुलच्या वागण्या-चालण्यावर बोललेलं मला आठवत नाही. चर्चा असायची ती 'ही नको, ती शोभेल' अशी. म्हणजे राखी निवड करत होती तेव्हाही तोलली जात होती राखीच, आणि राहुल निवड करत होता तेव्हा तोलल्या जात होत्या रांगेतल्या पोरी. तराजूच्या पारड्यात कोण बसणार, हे दोन्ही वेळेला एकच.

२०२० च्या जुलैत नेटफ्लिक्सवर 'इंडियन मॅचमेकिंग' आला तेव्हा तर लॉकडाऊनमुळं घरातले सगळे रिकामेच होते. त्यात मुंबईचा एक मुलगा, प्रद्युम्न. त्यानं दीडशेवर स्थळं नाकारलेली. आणि ह्यूस्टनची अपर्णा, वकील, जोडीदाराबद्दल आपल्या अटी स्पष्ट सांगणारी. मीम्स तिच्यावर फिरल्या. आमच्या ग्रुपवर तिला 'आखडू' ठरवलं होतं, प्रद्युम्नला 'चोखंदळ'. मराठीत हे दोन्ही शब्द आहेत, आणि दोघांनी केलं होतं एकच, नापसंती तोंडावर सांगितली. कुणाला कुठला शब्द लावायचा हे आपल्या जिभेला आपोआप कळतं.

कारण कुठं गेलं?

आता यंत्र उघडून बघू. २००८ साली व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नोकरीची मुलाखत देणाऱ्या स्त्री आणि पुरुषांचे व्हिडिओ लोकांना दाखवले. मुलाखतीत उमेदवार एका प्रसंगाबद्दल बोलताना कधी चिडतो, कधी खंतावतो. चिडलेल्या पुरुषाचं वजन बघणाऱ्यांच्या नजरेत वाढलं, चिडलेल्या बाईचं घटलं. इथवर कुणालाही अंदाज येईल. पुढची गोष्ट जास्त कामाची आहे. पुरुष का चिडला, असं विचारल्यावर लोक परिस्थितीकडं बोट दाखवत होते. म्हणजे तसंच काहीतरी घडलं असणार. बाई का चिडली, तर तिचा स्वभावच तसला. आणि बाईच्या चिडण्यामागचं बाहेरचं कारण जेव्हा व्हिडिओतच स्पष्ट सांगितलं, तेव्हा हा भेद नाहीसा झाला.

थोडं थांबून बघण्यासारखं आहे हे. पुरुषाच्या वागण्याला कारण नसलं तर बघणारा ते पदरचं घालतो. बाईच्या वागण्याला मात्र कारण दाखवावं लागतं, नाहीतर ते थेट तिच्या स्वभावात जमा होतं. तो वागला, ती तशीच आहे. आमच्या घरात रोज रात्री हेच चालतं. समजा, बंगल्यात रोहित नावाचा मुलगा आपली जोडी सोडून नव्या मुलीकडं गेला. भाऊ म्हणतो, "गडी खेळतोय." आठवड्यानं सायलीनं नेमकं तेच केलं. आत्या म्हणते, "चवचाल हाय. पहिल्या दिवसापासनं ओळखलं होतं मी हिला."

आणि खेळाचा नियमच काय आहे? जोडी बदल, नाहीतर बाहेर जा. लव्ह आयलंडमध्ये सीझनच्या मध्यावर जोड्या मुद्दाम तोडून पोरं एका घरात, पोरी दुसऱ्या घरात ठेवतात आणि दोन्हीकडं नवी माणसं सोडतात. मन चळावं म्हणूनच तो सगळा खर्च. खो-खोत पळाली म्हणून पोरीला नावं ठेवावीत, तसला हा प्रकार.

आत्याच्या त्या 'पहिल्या दिवसापासनं' वर मी एकदा वाद घातला. पहिल्या दिवशी आत्याच म्हणाली होती, "ही पोरगी साधी वाटते." ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच आठवत नव्हतं. यावरही अभ्यास आहे, आणि तो मला सगळ्यात मजेशीर वाटतो. मायकेल मार्क्स आणि क्रिस फ्रेली यांनी २००५ मध्ये लोकांना स्त्री आणि पुरुषांची सारखीच माहिती देऊन त्यांना गुण द्यायला सांगितलं. एकेकट्यानं, कागदावर. तेव्हा स्त्री-पुरुषांत फारसा भेद दिसला नाही. मग सगळीकडं दिसणारा भेद येतो कुठून? पुढच्या वर्षी त्यांनी लोकांना एक मजकूर वाचायला दिला. त्यात एका व्यक्तीच्या लैंगिक आयुष्याबद्दल चांगले आणि वाईट शेरे सारख्याच संख्येनं होते. नंतर काय आठवतं ते विचारलं. ती व्यक्ती बाई असल्याचं सांगितलं होतं तेव्हा वाईट शेरे जास्त लक्षात राहिले, पुरुष असताना चांगले. म्हणजे तोलताना आपण प्रामाणिक असतो, पण पारड्यात काय टाकायचं ते स्मरणशक्ती आधीच निवडून ठेवते. २००७ मध्ये त्यांनी हेच मूल्यमापन गटात, चर्चा करून करायला लावलं, तेव्हा एकट्यानं न दिसलेला भेद दिसायला लागला.

चार डोकी एकत्र आली की माप बदलतं, हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आमचा हॉल आठवला. आई एकटी शो बघते तेव्हा फारसं बोलत नाही. परवा दुपारी एका मुलीला रडताना बघून म्हणालीसुद्धा, "तिचं तरी काय चुकलं." रात्री आत्या शेजारी बसली की तीच आई मान डोलावते. मोबाईलवरच्या कॉमेंटचा ढीग म्हणजे हजारो माणसांचा हॉलच की. पहिल्या दहा कॉमेंट जिकडं वळतात तिकडं अकरावी वळते. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या लव्ह आयलंडवाल्यांना तर चालू सीझनमध्ये पडद्यावर पाटी लावून प्रेक्षकांना विनंती करावी लागली, की बाबांनो, स्पर्धकांचा छळ थांबवा. ब्रिटनमध्ये २०२३ पासून स्पर्धक आत असेपर्यंत त्यांची सोशल मीडिया खाती बंद ठेवायची असा नियम केला.

नेदरलँड्सच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये असे ९९ अभ्यास एकत्र करून तपासले. भेद कमी-जास्त दिसतो, प्रश्न कसा विचारला यावर बरंच ठरतं, पण तो आहे.

कात्री

आता माझ्या धंद्याची गोष्ट. एका भागाला साधारण तासभर मिळतो. मागं दिवसभराचं चित्रीकरण, तेही डझनावारी कॅमेऱ्यांचं. त्यातून तासभर निवडायचा म्हणजे जवळजवळ सगळंच फेकून द्यायचं. फेकताना पहिल्यांदा काय जातं? कारण. भांडण पंधरा सेकंदांत दाखवता येतं, पण ते का झालं हे सांगायला त्याआधीचे तीन दिवस लागतात. तेवढी जागा नसते. आता वरचा प्रयोग आठवा. कारण कापलं की पुरुषाचं फारसं बिघडत नाही, त्याला ते प्रेक्षक परत जोडून देतात. बाईचं जे कापलं ते कापलं.

एडिटर दुष्ट असतो असं नाही. मीही आहेच की. हळदीच्या एका व्हिडिओत सासूबाई उन्हामुळं डोळे बारीक करून बघत होत्या. तो शॉट मी गंमत म्हणून दोन ठिकाणी लावून बघितला. नवरी मैत्रिणींबरोबर नाचतेय, त्यानंतर लावला तर सासूबाई जळफळताना दिसल्या. नवरी आईच्या गळ्यात पडलीय, त्यानंतर लावला तर त्याच डोळ्यांत माया आली. शॉट तोच, ऊन तेच. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकानं हेच दाखवलं होतं. नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. बघणाऱ्यांना कधी भूक दिसली, कधी दुःख. रिॲलिटी शोमध्ये कुणीतरी डोळे फिरवले, तोंड वाकडं केलं, असं दिसलं की मी आता मनातल्या मनात विचारते, बाई, हे तोंड खरं कधी वाकडं केलं होतंस? चहा कडू झाला म्हणून तर नव्हे?

आवाजाची कात्री तर त्याहून धारदार. समजा, सायली म्हणाली, "लोक म्हणतात, मी पैशासाठी आले. तसं काही नाही." पुढचं-मागचं उडवलं की उरतं, "मी पैशासाठी आले." ओठ जुळत नसतील तर त्या चार शब्दांवर पोहण्याच्या तलावाचा शॉट टाकायचा. या तुकडेजोडीला त्या धंद्यात 'फ्रँकनबाइट' म्हणतात, मेलेल्या माणसांचे अवयव जोडून उभ्या केलेल्या राक्षसाच्या गोष्टीवरून. तेव्हा पडद्यावर बोलणारा दिसत नाही आणि नुसता आवाज ऐकू येतो, तिथं कान टवकारायचे.

मग ही कात्री पोरींच्याच वाट्याला जास्त का येते? तासाभरात गोष्ट सांगायची तर बघणाऱ्याला झटकन ओळखू येणारी पात्रं लागतात. बाईसाठी आपल्या डोक्यात तयार साचे थोडे आणि घट्ट आहेत: बिचारी, चवचाल, कारस्थानी, नखरेल. मालिकांनी ते तीस वर्षं घोटून घेतलेत. पुरुषाला हिरो, खेळाडू, मजनू, दोस्त, आणि चुकला तरी 'मनानं चांगला' असा एक राखीव डबा. एडिटर साचा तयार करत नाही. तो आपल्याच फडताळातून काढून घेतो.

'बिचारी' हा साचा गोड दिसतो म्हणून त्याच्याबद्दल वेगळं. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क यांनी १९९६ मध्ये मांडलं, की बाईबद्दलच्या पूर्वग्रहाला दोन तोंडं असतात. एक उघड वैरी, दुसरं मायाळू. मायाळू तोंड म्हणतं, बाई नाजूक, पवित्र, तिला जपलं पाहिजे. पण हे जपणं सशर्त असतं. रडणारी, सोसणारी, वाट बघणारी सायली आमच्या आत्याची लाडकी. तीच सायली ज्या दिवशी म्हणाली, "बास झालं, मी दुसरा बघते," त्या दिवशी दोन मिनिटांत तिची दुसऱ्या डब्यात बदली झाली. एका हातानं कौतुक आणि दुसऱ्या हातात काठी, माणूस मात्र एकच.

पोरांनाही माप लागतं, ते वेगळं. रडला तर 'बायल्या'. मुलीनं नाकारल्यावर गप्प बसला तर त्याच्यावर मीम. जोडीदाराचं ऐकलं तर 'बाईलबुद्धी'. म्हणजे पुरुषाला मारायचं झालं तरी शिवी बाईवरूनच. हेही पापच आहे. भावाला हे पटायला वेळ लागला नाही, कारण कॉलेजात एकदा डोळ्यांत पाणी आल्याचे टोमणे त्यानं अख्खं वर्ष खाल्लेत.

जुनं दुखणं

हे खूळ टीव्हीनं आणलं असं आमच्या पेठेतल्या जाणत्या लोकांना वाटतं. नाही हो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं ते नेमकं याच रागातून. सुरतेच्या एका विधवेला मूल मारल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली होती, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बाईजातीच्या चारित्र्यावर उपदेश झडत होते. ताराबाईंनी विचारलं, की जे दुर्गुण बायकांच्या अंगी आहेत म्हणून लिहिता, ते पुरुषांच्या अंगी नाहीत का? आज कुठल्याही कॉमेंटच्या खाली तो प्रश्न जसाच्या तसा चिकटवता येईल.

आणि पडद्याचंच म्हणाल तर त्याचा एक जुना दाखला आमच्या कोल्हापुरातलाच आहे. बाबुराव पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री'त बायकांच्या भूमिका बायकांकडूनच करून घेतल्या. तोवर सिनेमात बहुतेक वेळा लुगडी नेसून पुरुषच उभे राहत. पण पडद्यावर येताना त्या दोघींची नावं बदलली: गुलाबबाईंची कमलादेवी झाली, अनसूयाबाईंची सुशीलादेवी. पडद्यावर दिसणारी बाई कुणाचीतरी लेक असते, हे तेव्हाही प्रेक्षकाला सोसणारं नव्हतं.

जाता जाता एक गंमत. कोल्हापुरात बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असं बोलतात. मीसुद्धा घरात तसंच बोलतो, हे असं लिहायला बसलं की 'बोलते' होतं. पुण्याची माणसं हसतात. व्याकरणात आम्ही कधीच बरोबरीला येऊन बसलोय. मापाचंच तेवढं राहिलंय.

मग कुठल्याही बाईला काही बोलायचंच नाही का? आत्याचा हा प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये लव्ह आयलंडच्या फे विंटरनं आपल्या जोडीदारावर इतका आरडाओरडा केला, की ऑफकॉम या ब्रिटिश नियामकाकडं एका भागाबद्दल जवळपास २५ हजार तक्रारी गेल्या. ओरडणं ओरडणंच होतं, नंतर तिनं माफीही मागितली. पण ती ओरडली कशावरून? कार्यक्रमवाल्यांनी बंगल्यातल्या सगळ्यांना जुन्या चित्रीकरणाच्या कापलेल्या तुकड्यांचा 'सिनेमा' दाखवला होता, त्यात तिचा जोडीदार दुसऱ्या मुलीशी बोलत होता. पुन्हा कात्रीच. ऑफकॉमनं पुढं चौकशी केली नाही. त्याआधी २०१८ मध्ये छळ सोसणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या विमेन्स एड या संस्थेला याच कार्यक्रमातल्या एका पुरुष स्पर्धकाच्या वागण्याबद्दल जाहीरपणे सावध करावं लागलं होतं. समोरच्या मुलीलाच खुळ्यात काढणं, तिला स्वतःच्या भावनांबद्दल शंका वाटायला लावणं, हा नात्यातल्या छळाचा इशारा असतो, असं त्यांचं म्हणणं. तो ओरडत नव्हता, हसून बोलत होता. हसून बोलणाऱ्याचं वजन करायला आपल्याकडं मापच नसतं.

तेव्हा टीका करावी. खोटं बोलणं, कुणाच्या रंगावर, घरावर बोलणं, फसवणं हे बाई करो की बुवा, वाईटच. फक्त मी घरात एक खोड लावून घेतलीय. कुणी कुणाला नाव ठेवलं, की मी विचारते, "याच्या आधी काय झालं होतं?" बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. मग दुसरा प्रश्न: तेच काम काल रोहितनं केलं तेव्हा आपण काय म्हणालो? भाऊ वैतागतो. "ताई, जेवू दे की."

२०२४ मध्ये 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या सीझनला इचलकरंजीचे धनंजय पोवार घरात होते, त्यामुळं आमच्याकडं टीव्ही बंद होण्याचा प्रश्नच नव्हता. तो काही डेटिंग शो नव्हे, पण निक्की तांबोळी आणि अरबाज पटेल यांची जोडी त्यात गाजलीच. जोडी दोघांची, पण आमच्या हॉलमध्ये रोजचा उद्धार एकटीचाच. मी एक दिवस वहीवर काड्या मारल्या. तासाभरात तिच्या नावावर अकरा, त्याच्या नावावर दोन. त्यातली एक आईची होती, आणि तीसुद्धा "ह्या पोराला तिनं बिघडवलं," अशी. ती काडी कुणाच्या नावावर लिहायची, यावर आमचं अर्धा तास भांडण झालं.

आणि ते लग्न. जुलैच्या शेवटी नवरीचाच मेसेज आला. "मॅडम, पाठवणीत मी हसले होते ना, तो तुकडा व्हिडिओत नाही. तुमच्याकडं असेल का?" होता. कच्चं फुटेज मी वर्षभर पुसत नाही. पाठवून दिला. मग न राहवून विचारलं, मैत्रीण कानात काय म्हणाली होती?

तिनं आधी तीन हसरे चेहरे पाठवले. मग लिहिलं, "काकांच्या फेट्याचा शेमला बासुंदीच्या वाटीत पडला होता. आणि ते तसेच सगळ्यांना नमस्कार करत फिरत होते."

दुसऱ्या कॅमेऱ्याचं फुटेज काढून बघितलं. काका पाठमोरे, हात जोडलेले, आणि कोटावर पार कमरेपर्यंत बासुंदीचा ओघळ.